तारीख नसलेली गाय

फोन वाजला तेव्हा सुमंतचं बिस्किट नुकतंच चहात तुटून पडलं होतं, आणि ते चमच्यानं काढावं की तसंच राहू द्यावं एवढाच प्रश्न त्या बुधवारी सकाळी त्याच्यापुढे होता. नागापूरच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपच्या वरच्या मजल्यावर त्याचं ऑफिस. खालचं प्रेस मशीन दणका द्यायचं तसा चहा कपात थरथरायचा, आणि नव्यानं आलेल्या पोरांना त्याची गंमत वाटायची. गायींच्या नोंदी ठेवणारं एक ॲप ही मंडळी चालवत होती. कुठल्या गाईला गाभण राहण्यासाठी कधी भरवलं, कधी व्यायली, दूध किती, हे सगळं गावोगावचे डॉक्टर त्यात भरायचे आणि मालकांच्या मोबाईलवर मेसेज जायचे. मेसेजच्या खाली ‘शंका असल्यास’ म्हणून एक नंबर छापलेला असे. शंका सहसा कुणाला नसायची, म्हणून तो फोन सुमंतच्या टेबलावर ठेवला होता. वय वर्षं एकोणपन्नास, आवाज शांत, तेव्हा शंका तुम्हीच घ्या सर, असं सगळ्यांनी हसत ठरवून टाकलं होतं.

“सर, मी कोल्हारवरून निकिता बोलते,” पलीकडचा आवाज तरुण होता आणि धापा टाकत होता. “काल तुमचा मेसेज आला हुता. चिंगी भाकड हाय, कळपातनं कमी करा म्हणून. आमच्या ह्यांनी सकाळीच तिला पिकअपमधी घालून लोणीच्या बाजाराला नेली. आन् आत्ता डॉक्टर आल्ते, ते म्हणत्यात, गाय आडीच महिन्यापूर्वी भरवलीय, अजून तपासली बी न्हाई, मग भाकड कुनी ठरवली? ह्यांचा फोन हितंच चार्जिंगला राह्यलाय. डॉक्टर गाडीवरनं माघारी बाजाराकडं गेल्येत. पन सर, खरं काय हाय? गाय गाभन हाय का न्हाई?”

त्यानं चिंगीच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा नंबर विचारून घेतला, टाइप केला, आणि स्क्रीनवर नोंद उघडली. सगळे रकाने भरलेले होते. मालकीण छबूबाई, गाव कोल्हार, तिसरं वेत, व्यायल्याला पाच महिने. फक्त ‘भरवल्याची तारीख’ या रकान्यात काहीच नव्हतं. त्या पांढऱ्या चौकोनाकडे बघताना काय झालंय ते सुमंतला त्याच क्षणी कळलं. निकिताला तो म्हणाला, “मी येतो,” आणि नगरहून कोल्हारला जाऊन तो नेमकं काय करणार होता ते तिनंही विचारलं नाही, त्यालाही सांगता आलं नसतं.

अपूर्वा त्याची बॉस. वयानं एकोणीस वर्षांनी लहान, पण वागायला सरळ. तिनं ऐकून घेतलं, स्वतः नोंद पाहिली आणि म्हणाली, “सर, डॉक्टरनी तारीखच भरलेली नाही. आपण काय करणार? फील्डवरून माहिती अपूर्ण आली, असं लिहून देते मी. तुम्ही कशाला धावताय?” तिच्या बोलण्यात खोटं काही नव्हतं. सुमंतनं फक्त तिला आजचे मेसेज थांबवायला सांगितले, आणि कालच्या पहिल्या खेपेत मेसेज गेलेल्या बाकीच्या वीस मालकांना फोन करायला सांगितलं. तो जिना उतरला. माहिती अपूर्ण आली. किती छान वाक्य होतं ते. विळद घाट चढेपर्यंत तो ते वाक्य तोंडात लिमलेटच्या गोळीसारखं घोळवत होता.

गेल्या सोमवारी याच ऑफिसात त्याच्यासाठी टाळ्या वाजल्या होत्या. गायी वाढत गेल्या तसा भाकड गायींची यादी काढणारा प्रोग्रॅम गोगलगाय झाला होता. चाळीस मिनिटं घ्यायचा. पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचं असंच असतं, एकेक ओळ वाचायची, समजून घ्यायची, मग करायचं. एखाद्या जुन्या कारकुनासारखं, प्रत्येक कागद पुन्हा चष्मा पुसून वाचणार. सुमंतनं त्यावर तो नवा उपाय लावला, ज्यात प्रोग्रॅम ऐन वेळी, चालता चालताच, स्वतःला थेट यंत्राच्या भाषेत उतरवून घेतो आणि मग सुसाट सुटतो. चाळीस मिनिटांचे सहा सेकंद झाले. पार्थ नावाच्या पोरानं तर मोबाईलवर त्याचा व्हिडिओ काढला. “सर, तुम्ही तर बाप निघालात,” तो म्हणाला, आणि घरी जाताना सुमंतनं आरशात स्वतःचे केस नीट केले होते. हे आठवून आता त्याला लाज वाटली. नव्या पोरांना आपण जुने वाटू नये, या एकाच भीतीनं त्यानं गेली दोन वर्षं रविवार घालवले होते. बायको म्हणायची, परीक्षा आहे का तुमची. होतीच.

त्या सुसाट पद्धतीची एक अट होती. तिला तारखा आवडत नसत. आकडे द्या, म्हणायची. तारीख, महिना, वर्ष असली लटांबळं माझ्यासमोर आणू नका. दोन दिवस सुमंतनं तिच्याशी वाद घातला. पडद्यावर लाल अक्षरांत नकार यायचा, तो वाचून तो पुन्हा मांडणी बदलायचा. खरं तर तारखा तारखाच ठेवून तिला पटवायचा एक लांबचा रस्ता होता, पण सोमवार जवळ आला होता. मग त्यानं सगळ्या तारखांचे दिवस करून टाकले. एक जानेवारी एकोणीसशे सत्तर हा शून्य दिवस, तिथून पुढे मोजत यायचं. आजचा दिवस वीस हजार चारशे नि वर काही. काम झाल्यावर मजा म्हणून त्यानं स्वतःचा जन्म मोजून पाहिला होता, दोन हजार चारशे नि काही. वडिलांचा मोजला तर उणे नऊ हजार चारशे सव्वीस आला. वडील आपले शून्याच्या पलीकडचे, हे बघून त्याला का कोण जाणे बरं वाटलं होतं. पण ज्या रकान्यात तारीखच नाही त्याचा आकडा काय होतो, हे त्यानं पाहिलं नव्हतं. म्हणजे त्याला माहीत होतं. हेच तर जिव्हारी लागत होतं. वीस वर्षं तो हे काम करत होता. रिकाम्या तारखेला आकडा व्हायला भाग पाडलं, तर यंत्र तिला आपल्याकडची सगळ्यात लहान संख्या देतं, एकोणीस आकडी आणि उणे. त्याचा अर्थ पृथ्वी जन्मायच्याही कितीतरी आधीचा दिवस. चिंगी त्या दिवशी भरवली गेली होती आणि त्या भरवण्याचं वासरू आजवर नोंदलं गेलं नव्हतं. कुठल्याही नियमानं ती भाकडच.

जुना, रेंगाळणारा प्रोग्रॅम इथे चुकत नव्हता. त्याला विचारलं, ही तारीख फार जुनी आहे का, तर तो म्हणायचा, नाही. फार नवी आहे का? नाही. ती नाहीच आहे, तर आधीची कशी आणि नंतरची कशी? एवढं शहाणपण त्या गोगलगाईत होतं, आणि सुमंतनं ते सहा सेकंदांसाठी काढून टाकलं होतं. राहुरीच्या अलीकडे रस्त्याचं काम चालू होतं, शिर्डीला निघालेल्या गाड्या एकामागे एक खोळंबल्या होत्या. त्यानं घड्याळ पाहिलं. बाजारात गाय विकायला किती वेळ लागतो हे त्याला माहीत नव्हतं. लाखभर गायींच्या नोंदी त्याच्या हाताखालून गेल्या होत्या, आणि एकीच्याही अंगाला त्यानं कधी हात लावला नव्हता.

वडील शाळेत हेडक्लार्क होते. रिकामा रकाना त्यांना सहन व्हायचा नाही. पानावर जागा उरली तर ते पट्टीनं तिरकी रेघ मारायचे, कुणी मागाहून काही घुसडू नये म्हणून. आणि जन्मतारीख माहीत नसलेलं पोर नाव घालायला आलं, की त्याला एक जून देऊन टाकायचे. त्या काळी सगळेच द्यायचे. बाप म्हणायचा, पेरणीच्या सुमारास झालंय, किंवा थंडीत झालंय, आणि वडील मान डोलावून एक जून लिहायचे. सुमंत बारा वर्षांचा असताना एक तरुण घरी आला होता. उंच, छाती भरलेली, पायांत नवे बूट. सैन्यभरतीत पळण्यात पहिला आला होता, पण दाखल्यावरच्या वयानं तीन महिन्यांनी बाद झाला. त्याची आई सांगत होती की हा दिवाळीच्या पाडव्याला झाला, म्हणजे दाखल्यापेक्षा पाच महिन्यांनी लहान. तो भांडला नाही. उंबऱ्याबाहेर उभा राहून एवढंच म्हणाला, “सर, तुमच्याकडनं चुकून पडली असंल का तारीख?” वडील म्हणाले, “रजिस्टरमध्ये आहे तेच लिहिलंय.” हे खरंच होतं. रजिस्टरमध्ये तेच होतं, कारण त्यांनीच ते लिहिलं होतं. तो गेल्यावर वडील त्या दिवशी जेवले नाहीत, आणि आईनं कारण विचारलं तेव्हा पित्त झालंय म्हणाले. सुमंतला वाटायचं, हो म्हणाले असते तर काय झालं असतं? भरती तर हुकलीच होती. पण तो माणूस जाताना वेगळ्या पावलांनी गेला असता. इतक्या वर्षांनी, ट्रकच्या मागे अडकलेल्या गाडीत बसून, सुमंतला वडिलांची चीड आली, आणि लगेच त्यांच्याविषयी माया वाटली, कारण अपूर्वाचं वाक्य अजून त्याच्या तोंडात होतं. फील्डवरून माहिती अपूर्ण आली. रजिस्टरमध्ये होतं तेच.

गर्दी सुटली. प्रवरेच्या पुलाजवळ त्यानं निकिताला फोन लावला, तो लागला नाही. मनात त्यानं गाय विकूनही टाकली होती. कुणीतरी व्यापारी, एक ट्रक, दूरचा जिल्हा, पोटात अडीच महिन्यांचं वासरू, आणि कुणालाच माहीत नाही. पंपाच्या पुढे डावीकडे वळून वस्तीवर जायचा कच्चा रस्ता निकितानं सांगितला होता. दोन्ही बाजूंना घास आणि मका. वळणावरून त्याला घर दिसलं, अंगणात उभी पिकअप दिसली, आणि पिकअपच्या फाळक्यावरून एक काळंपांढरं तोंड बाहेर डोकावत होतं, निवांत रवंथ करत. सुमंतनं गाडी जागच्या जागी बंद केली. देवा, म्हणाला तो, मोठ्यानं म्हणाला, आणि तसाच बसून राहिला. तो देवळात जाणाऱ्यांपैकी नव्हता, पण त्या वेळी दुसरा शब्द सुचला नाही.

गोरक्ष, निकिताचा नवरा, आणि गहिनीनाथ, गावाचा गाईडॉक्टर, दोघं मिळून चिंगीला खाली उतरवत होते. गोरक्षनं एका दमात सगळं सांगून टाकलं. “लोणीत गाडीवरनं उतरवली बी हुती तिला. एक व्यापारी दात बघत हुता. तेवढ्यात ह्यो डॉक्टर आला वरडत. तिथंच बाजारात कोपरापत्तुर हात घातला आन् म्हणला, गाभन हाय, फिरीव गाडी. लोक हसायला लागले सर. मला म्हणले, गाभन गाय भाकड म्हणून इकतो, लई भोळा दिसतोय.” तो हसला, आणि त्याच्या हसण्यात राग सापडतो का हे सुमंतनं नीट पाहिलं. सापडला नाही. तेवढ्यात अपूर्वाचा मेसेज आला. बाकीच्या वीस मालकांशी बोलणं झालं, कुणीही गाय विकलेली नाही, अर्ध्यांनी तर मेसेज वाचलाच नव्हता. आपले मेसेज कुणी वाचत नाही याचा आनंद व्हावा अशी वेळ सुमंतवर पहिल्यांदाच आली होती.

गहिनीनाथनं त्याला बाजूला, मक्याच्या कडेला नेलं. चाळिशीचा माणूस, सदऱ्याची बाही अजून वर गुंडाळलेली, चेहरा उतरलेला. “साहेब, येक इनंती हाय. तारीख मी भरली न्हवती. आमी कुनीच लगेच भरत न्हाई. गाय उलटली, पुन्हा माजावर आली, तर ते आमच्या नावावर फेल म्हणून लागतं. शंभरातल्या किती धरल्या त्याचा आकडा वर दिसतो सगळ्यास्नी. म्हणून तीन महिने थांबायचं, हातानं बघायचं, पक्कं झालं की मागची तारीख टाकायची. वर कळवू नका साहेब. माजं नाव जाईल.” सुमंत ऐकत होता आणि त्याला सगळं इतकं स्पष्ट दिसत होतं की हसूच यावं. पाच वर्षं हे असंच चाललेलं होतं. आशा असेपर्यंत रकाना रिकामा, खात्री झाली की तारीख. आपल्या ऑफिसात कुणाला याचा पत्ता नव्हता, आणि तो जुना मंद प्रोग्रॅम काही न बोलता सगळं सांभाळून घेत होता. आता गहिनीनाथ समोर होता, स्वतःहून कबूल करत होता. गप्प बसलं की पुरे होतं. गप्प बसायला काही करावंही लागत नाही.

“तुम्ही तारीख भरली नाहीत ती नाहीत,” सुमंत म्हणाला. “रिकामा रकाना रिकामा म्हणून वाचायचं काम माझं होतं. मी त्याला तारीख समजून बसलो. आणि गाय तुम्ही आणलीत परत, मी नाही.” बोलून झाल्यावर त्याला जाणवलं की तोंडातली ती गोळी विरघळून गेलीय. गहिनीनाथ त्याच्याकडे संशयानं बघत राहिला. साहेब लोक असं बोलतात तेव्हा पुढे काहीतरी असतं, असं त्याला वाटत असावं. पुढे काही नव्हतं.

गोठ्याच्या सावलीत एक म्हातारी बाजेवर बसलेली होती, हिरव्या काचांचा चष्मा लावून. चिंगीला दावणीला बांधताना सगळे बोलत होते, ती बोलत नव्हती. गाय परत आल्याचा आनंद सगळ्यांत जास्त जिला व्हायला हवा, ती छबूबाई, निकिताची सासू, मान खाली घालून बसली होती. निकिता पाणी घेऊन आली आणि हळू आवाजात म्हणाली, “मेसेज आल्यापास्नं आत्यांनी काय खाल्लं न्हाई. गाय आली तरी तशाच हायती. तुमीच सांगा काय ते त्यास्नी.” सुमंत बाजेजवळ उभा राहिला. सत्तर साल, शून्य दिवस, एकोणीस आकडी संख्या, यांतलं काय सांगणार?

“मावशी,” तो म्हणाला, “गाय ठीक आहे. आता कुठे जायची नाही.”

“ती ठीक हाय वो,” छबूबाई म्हणाली. “मीच ठीक न्हाई. दोन महिन्यामागं डोळ्याचं आपरेशन झालं माजं. एकवीस दिसांनी चिंगी उलटती का, मी रोज दोन टायमाला बघत हुते. उलटली न्हाई. मी म्हणलं, धरली. गोरक्षला सांगितलं, धरली म्हणून. आन् काल तुमचा मेसेज. मंग मला वाटलं, माज आला आसंल, मलाच दिसला न्हाई. चाळीस वर्सं गुरं बघतीया मी, येक माज हुकला न्हाई माजा. मीच म्हणलं गोरक्षला, घिऊन जा तिला. आन् दावनीच्या बाकीच्या दोन बी निकिताकडं दे. मला आता दिसत न्हाई. आता डॉक्टर म्हणतो गाभन हाय. पन मेसेज उगा कसा ईल? कायतरी मला दिसलं न्हाईच ना?”

गाडीत बसून सुमंतनं मनातल्या मनात गाय गमावली होती, नोकरी गमावली होती, वडिलांना कोर्टात उभं केलं होतं. पण एका मेसेजनं या बाईकडून तिचे डोळे काढून घेतले असतील हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. गाय परत आली होती आणि ही अजून बाजारातच उभी होती. तो तिच्यासमोर जमिनीवर बसला, पँटची इस्त्री शेणात गेली तरी.

“मावशी, तुम्हाला बरोबर दिसलं. गाय उलटलीच नव्हती. मेसेज चुकीचा होता.”

“मशीन चुकतं व्हय?”

“मशीन नाही. मी चुकलो. ते मी लिहिलंय. घाई केली, आणि बघायचं ते बघितलं नाही.”

“तुमी?”

“मी.”

“म्हंजी डॉक्टरचं न्हाई?”

“नाही.”

“आन् माजं?”

“तुमचं काहीच नाही. तुम्ही सांगितलं होतंत तेच खरं होतं.”

छबूबाईनं चष्मा काढला. पापण्या चिकटलेल्या, डोळे पाण्यानं भरलेले, पण ती त्याच्याकडे नीट, टक लावून बघत होती, नवीन गुराला बघावं तशी. मग तिच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या एकेक करून हलल्या. “लई बरं झालं बाबा तुमचं चुकलं ते,” ती म्हणाली, अगदी मनापासून, आणि त्याच्या खांद्याचा आधार घेऊन उठली. “आरं गोरक्ष! आयकलं का? सायबाचं चुकलंय! माजं न्हाई!” गोरक्षनं दावणीवरून हात वर केला. तेवढ्यानं तिचं भागलं नाही. ती बांधापर्यंत चालत गेली आणि पलीकडच्या वस्तीवर धुणं वाळत घालणाऱ्या बाईला हाक मारून तिनं तेच पुन्हा सांगितलं, अजून वरच्या पट्टीत. सायेब नगरवरनं आलाय, त्याचंच चुकलंय, सोता म्हणतोय. ती बाई कपडे टाकून कुंपणापाशी आली आणि सुमंतकडे वाकून वाकून बघू लागली. सुमंत शेणात तसाच बसलेला होता. त्यानं तिला हात जोडले, आणि छबूबाईनं आता तिसऱ्या वस्तीकडे तोंड केलं तेव्हा त्याला वाटलं, वारा तिकडेच जाणारा असू दे, म्हणजे तिथपर्यंत नीट ऐकू जाईल.